भुतांआधी दारे मोजा



३१ ऑक्टोबरला अमेरिकेत हॅलोविनचा सण असतो. भुताखेतांची सोंगे घेऊन मुले घरोघर हिंडतात, हे तुम्ही वाचले असेल. तेथील मोठ्या थीम पार्कांत या सुमारास रात्रीचे खेळ असतात. अंधारे भूतबंगले उभारतात आणि आत दडलेले नट आपल्याला दचकवतात. कॅलिफोर्नियातील नॉट्स बेरी फार्मने असा खेळ १९७३ साली तीन रात्रींपुरता सुरू केला. फ्लोरिडातील युनिव्हर्सल स्टुडिओच्या १९९१ च्या पहिल्या खेळाच्याही तीनच रात्री होत्या. अलीकडे तेथे चाळीसहून अधिक रात्री खेळ होतो.

रात्री इतक्या का वाढल्या? लोकांची हौस वाढली, हे अर्धे उत्तर झाले. उरलेले अर्धे गणितात आहे.

समजा, पार्कात २०,००० माणसे आली आहेत, भूतबंगले १० आहेत आणि खेळ ६ तासांचा आहे. एका बंगल्यात दर दोन सेकंदांना एक माणूस सोडला, तर तासाला १,८०० माणसे आत जातात. दहा बंगल्यांत सहा तासांत १,०८,००० वेळा कोणी ना कोणी आत जाईल. याला २०,००० ने भागा. प्रत्येकाच्या वाट्याला पाच बंगले आणि थोडेसे! दहाही पाहण्याच्या आशेने आलेला माणूस निम्मे पाहून घरी जातो. पार्काची जमीन दुप्पट केली तरी हा आकडा हलत नाही, कारण तो दारावर अवलंबून आहे, क्षेत्रफळावर नाही. दर सेकंदाला एक माणूस सोडावा म्हटले, तर पुढचा दचकलेला मागच्याला दिसतो आणि भीतीची गंमतच संपते. नवा बंगला बांधायचा तर लाकूडकामाचा खर्च एकदाच होतो, पण नटांची मजुरी रोज रात्री द्यावी लागते. मग गर्दी अनेक रात्रींवर पसरवणे हाच मार्ग उरतो. म्हणून शनिवारचे तिकीट महाग असते आणि आठवड्याच्या मधले स्वस्त. यात नफ्याचा हेतू नसतो असे मानण्याइतके भोळे आपण नाही, पण त्या किमतीमुळे गर्दी विभागली जाते हेही खरे.

आता रांगेकडे पाहा. एका बंगल्यापुढे ९०० माणसे असली, तर शेवटच्याला अर्धा तास थांबावे लागेल. चौरस मीटरला दोन माणसे धरली, तर त्या रांगेला ४५० चौरस मीटर जागा लागते, म्हणजे कबड्डीची साडेतीन मैदाने. दहा बंगल्यांच्या रांगांत मिळून ९,००० माणसे सामावलेली असतात. रांग म्हणजे वाया गेलेली जागा, असे आराखडा काढणाऱ्याला वाटते. खरे तर ती गर्दीची टाकीच असते! एखादा बंगला बिघाडामुळे बंद पडला की त्या टाकीतली ९०० माणसे एकदम रस्त्यावर येतात. तो रस्ता किती रुंद आहे, हे आधीच ठरलेले हवे.

दाटी किती झाली म्हणजे धोका? चौरस मीटरला सुमारे सात माणसे झाली की गर्दी द्रवासारखी वागू लागते, असे जॉन फ्रुइन या अमेरिकी अभियंत्याने नोंदवले आहे. तिच्यातून लाटा जातात, आणि माणूस कितीही धट्टाकट्टा असला तरी त्याला स्वतःच्या पायांवर उभे राहता येत नाही. २९ ऑक्टोबर २०२२ रोजी दक्षिण कोरियातील सोल शहरात हॅलोविनच्याच गर्दीत, जेमतेम सव्वातीन मीटर रुंदीच्या उतरत्या गल्लीत १५९ माणसे दगावली. छाती दाबली जाऊन श्वास घेता न येणे, हे मुख्य कारण होते. तेथे कोणी आयोजक नव्हता आणि माणसे मोजणारे फाटकही नव्हते. थीम पार्कात फाटक असते. मोजणी थांबवायची केव्हा, एवढाच प्रश्न असतो.

आता माझे मत सांगतो. अंदाजपत्रकाच्या पहिल्या ओळीत भुते नसावीत. तेथे बाहेर पडण्याची दारे, पाण्याचे फवारे आणि रांगेवर लक्ष ठेवणारी माणसे असावीत. उरलेल्या पैशांत जमतील तेवढी भुते आणावीत. न्यू जर्सीतील सिक्स फ्लॅग्ज ग्रेट ॲडव्हेंचर पार्कात ट्रेलर जोडून केलेला एक भूतवाडा होता. ११ मे १९८४ रोजी त्यात आग लागली आणि आठ किशोरवयीन मुले मेली. भिंतीवरचा फोम पेटला होता, आणि आग लागताच आपोआप सुरू होणारे पाण्याचे फवारे तेथे नव्हते. तात्पुरती रचना म्हणून वाड्याला इमारतीचे नियम लावले गेले नव्हते. पुढे १९८५ मध्ये कंपनी मनुष्यवधाच्या आरोपातून सुटली. ती मुले तुमच्याच वयाची होती.

यावर कोणी म्हणेल, अरुंद, काळोखी, वळणावळणाची वाट नसेल तर भीती कसली? आक्षेप योग्य आहे. पण काळ्या भिंतीत काळे दार बसवले तर पाहणाऱ्याला ते दिसतही नाही. अमेरिकेतील आजच्या नियमांनुसार तर धुराची चाहूल लागताच भूतबंगल्यातले आवाज बंद होऊन दिवे लागावे लागतात. त्यामुळे भुतांचे काही बिघडलेले नाही.

ब्रिटनमधील क्रीडांगण-सुरक्षेच्या मार्गदर्शिकेत सपाट वाटेच्या एक मीटर रुंदीतून मिनिटाला जास्तीत जास्त ८२ माणसे जातात असे धरतात. म्हणजे आपल्या २०,००० माणसांना दहा मीटरच्या फाटकातून बाहेर पडायला सुमारे २४ मिनिटे लागतील. तुमच्या शाळेचे फाटक मोजून पाहा. सुटीची घंटा झाल्यावर एकाने घड्याळ धरावे, दोघांनी बाहेर पडणारी मुले मोजावीत आणि मिनिटाचा आकडा रुंदीने भागावा. फाटकाचे एक दार नेहमी कुलूप लावून बंद ठेवलेले असेल, तर तेही वहीत लिहा आणि वही गुरुजींना दाखवा.