सहीविना पोचपावती



घरातील आजोबांना किंवा शाळेतील जुन्या सरांना एकदा विचारा, की रजिस्टर पत्र आले म्हणजे काय होत असे? पोस्टमन दारात येऊन हाक मारी आणि सही घेतल्याशिवाय पत्र हाती देत नसे. पाठवणाऱ्याने जादा पैसे भरले असतील, तर पाकिटाला एक कार्ड जोडलेले असे. त्यावरही सही करावी लागे. ते कार्ड परत पाठवणाऱ्याकडे जाई. तीच पोचपावती. २०२५ मध्ये रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात विलीन झाले. पण पोच घेण्याची पद्धत काही संपली नाही.

या पोचपावतीत दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या होत्या. एक म्हणजे, सही करणाऱ्याला आपण सही करीत आहोत हे ठाऊक असे. दुसरी म्हणजे, पत्र पोचले एवढेच तिच्यावरून कळे. ते तुम्ही केव्हा वाचले, किती वेळा वाचले, हे ती सांगत नसे.

आता ई-मेलकडे वळू. समजा, निलंग्यात एक मुलगी दहावीत शिकते आहे. पुढे लातूरला शिकायला जावे की गावातच राहावे, हा तिच्या घरातला रोजचा विषय आहे. एका खासगी शिकवणीवर्गाचा ई-मेल तिला येतो. रात्री अकरा वाजता ती तो उघडते. पुन्हा साडेअकराला उघडते, सकाळी आणखी एकदा पाहते. ती उत्तर पाठवत नाही, कोणाला काही बोलतही नाही. तरीही, मुलगी विचारात पडली आहे, हा अंदाज पाठवणाऱ्याला बांधता येतो. दुसऱ्या दिवशी ‘थोड्याच जागा शिल्लक’ असा नवा ई-मेल तिच्यापुढे येऊ शकतो. हे कसे घडते?

यात जादू काही नाही. ई-मेलमधील मजकूर तुमच्याकडे येतो. पण त्यातील चित्रे पुष्कळदा त्याच्याबरोबर येत नाहीत. ‘अमुक पत्त्यावरून चित्र आणा’ एवढीच सूचना आत लिहिलेली असते. तुम्ही ई-मेल उघडला, की तुमचा फोन त्या पत्त्यावरच्या संगणकाकडे, म्हणजे सर्व्हरकडे, चित्र मागतो. ही मागणी हीच पोच! सर्व्हर आपल्या वहीत वेळ टिपून ठेवतो. मागणी ज्या इंटरनेट पत्त्यावरून आली तो पत्ता टिपतो. कोणत्या प्रकारच्या फोनवरून आली, हेही अनेकदा त्याला समजते. शिवाय प्रत्येक वाचकासाठी चित्राचा पत्ता थोडा वेगळा बनवलेला असतो. त्यामुळे मागणी नेमकी कोणाची, हेही कळते.

या कामासाठी चित्र सुंदर असण्याची गरज नाही. ते दिसण्याचीसुद्धा गरज नाही. एक ठिपका रुंद आणि एक ठिपका उंच, असे पारदर्शक चित्र पुरते. १०८० गुणिले २४०० ठिपक्यांच्या पडद्यावर सुमारे २६ लाख ठिपके असतात. त्यातला हा एक, आणि तोही पारदर्शक! डोळ्यांना तो सापडणार कसा? याला माग काढणारा पिक्सेल म्हणतात.

तुम्ही म्हणाल, पाठवणाऱ्याला आपले पत्र पोचले की नाही हे कळावेसे वाटले, तर त्यात वाईट काय? काहीच नाही. शाळेने परीक्षेची तारीख कळवली, तर ती मुलांपर्यंत गेली का, हे शाळेला कळायलाच हवे. पण त्यासाठी ‘मिळाल्याचे कळवा’ अशी एक ओळ लिहिता येते. विचारून घेतलेली पोच आणि नकळत काढून घेतलेली पोच यांत फरक आहे. पहिलीत लेखणी तुमच्या हाती असते, दुसरीत तुमची सही दुसराच कोणी करतो. माझा आक्षेप आहे तो एवढ्याचसाठी.

मग उपाय काय? तो अगदी सोपा आहे. जीमेलच्या सेटिंग्जमध्ये चित्रांविषयी एक पर्याय असतो. बाहेरची चित्रे दाखवण्यापूर्वी मला विचारा, असा त्याचा अर्थ. तो निवडा. थंडरबर्ड या मोफत कार्यक्रमात बाहेरची चित्रे मुळातच अडवलेली असतात. जीमेल २०१३ पासून चित्रे स्वतःच्या सर्व्हरमार्फत आणते, त्यामुळे तुमचा इंटरनेट पत्ता झाकला जातो. परंतु ई-मेल उघडल्याची बातमी जाऊ शकते. ॲपलने २०२१ मध्ये आपल्या मेलमध्ये वेगळी युक्ती आणली. तुम्ही ई-मेल उघडा वा न उघडा, चित्रे आधीच आणून ठेवायची. त्यामुळे खरे वाचन केव्हा झाले, हे पाठवणाऱ्याला ओळखता येत नाही.

या उपायाच्या मर्यादाही समजून घ्या. ‘चित्रे दाखवा’ म्हटले, की चांगल्या चित्रांबरोबर तो ठिपकाही येतो. ई-मेलमधील दुव्यावर बोट ठेवले, तर त्याची नोंद वेगळी होते; चित्रे अडवून ती थांबत नाही.

एक प्रयोग करून पाहा. घरच्यांना विचारून हा पर्याय सुरू करा आणि आठवडाभर वहीत दोन रकाने ठेवा. चित्रांसाठी परवानगी मागणारे ई-मेल एका रकान्यात, न मागणारे दुसऱ्यात. अर्थात परवानगी मागणाऱ्या प्रत्येक ई-मेलमध्ये पिक्सेल असेलच असे नाही. पण पोच मागण्याची सोय कोणाकोणाकडे आहे, ते कळेल. वर्गात सर्वांचे आकडे एकत्र करा.

या प्रश्नाला कायद्याचीही बाजू आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. २०२३ मध्ये संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. अठरा वर्षांखालील मुलांचा माग काढण्यास आणि त्यांच्यावर रोखलेल्या जाहिराती करण्यास त्यात मनाई आहे. काही कामांपुरते, त्यांत शिक्षणसंस्थांनाही, अपवाद आहेत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. मुख्य तरतुदी लागू करण्यासाठी त्यात दीड वर्षाची मुदत ठेवली आहे. तोवर, आणि त्यानंतरही, सेटिंग्जमधील तो पर्याय तुमच्याच हाती आहे.

शिक्षकांना एक विनंती. संगणकाच्या तासाला ई-मेल पाठवायला आपण शिकवतो. त्याच तासात दहा मिनिटे काढून हा पर्यायही दाखवावा. आणि शाळेकडून पालकांना ई-मेल जात असतील, तर पोच उघडपणे मागावी. दुसऱ्याचे पत्र चोरून वाचू नये, हे आपण मुलांना सांगत आलो आहोत. दुसरा आपले पत्र वाचतो आहे का, हे चोरून पाहू नये, एवढे त्यात आता जोडायला हवे.