दरवाजा मोडणाऱ्याची कैफियत

‘सीआयडी’ ही मालिका 21 जानेवारी 1998 रोजी सोनी वाहिनीवर सुरू झाली, वीस वर्षे चालून 2018 च्या ऑक्टोबरात थांबली आणि 2024 च्या डिसेंबरात पुन्हा अवतरली. परंतु एवढ्या अवधीत आमच्या गडमुडशिंगीत ज्या एका वादाचा निकाल लागला नाही तो असा, की एसीपी प्रद्युम्न यांच्या हाताखालच्या दोन वरिष्ठ निरीक्षकांत, म्हणजे अभिजित आणि दया यांत, श्रेष्ठ कोण? बहुमत अभिजितकडे आहे. अभिजित म्हणजे बुद्धी आणि दया म्हणजे बळ, पहिला विचार करतो आणि दुसरा दार मोडतो, सबब दया शूर खरा, पण दुय्यम, असा हा पूर्वपक्ष. आणि तो हिरिरीने मांडणाऱ्यांत शिकलेली मंडळी अधिक, हेही नमूद केले पाहिजे.

हा पक्ष करवीर तालुक्यात मांडला जावा याचे आश्चर्य वाटते. ज्या मुलखात शाहू महाराजांनी 1912 साली खासबागेचे मैदान उभे केले, आणि जेथे वस्ताद पोराकडून जोर-बैठका काढून घेतो तितक्याच निष्ठुरपणे ढाक, कलाजंग आणि धोबीपछाड यांचे बारकावे घोटून घेतो, तेथे निव्वळ ताकदीचा गडी चौथ्या मिनिटाला अस्मान पाहतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. 1959 साली पहिले हिंदकेसरी ठरलेले श्रीपती खंचनाळे केवळ दंडांच्या घेरावर जिंकले, असे या प्रांतात कोणी म्हणून पाहावे! दयाची भूमिका करणारे दयानंद शेट्टी हे मुळात थाळीफेक करणारे खेळाडू. आणि थाळी फेकताना कोणत्या क्षणी कंबर वळवावी व कोणत्या क्षणी बोटे सोडावीत याचा निर्णय स्नायू एकटे करीत नाहीत.

आता त्या बदनाम दरवाजाकडे वळू. दृश्य नीट पाहिले तर क्रम असा दिसतो: घंटा वाजते, हाक दिली जाते, आतून उत्तर येत नाही, प्रद्युम्न यांची बोटे हवेत फिरतात, हुकूम सुटतो, आणि तोवर मागे उभा असलेला दया एक पाऊल मागे घेऊन कुलपाच्या बाजूला लाथ घालतो, बिजागरीच्या बाजूला नव्हे. (चित्रीकरणाची दारे पातळ असतात, अडसर घातलेल्या सागवानी दारापुढे काय झाले असते, हा प्रश्न तूर्त बाजूस ठेवू.) 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे 47 वे कलम, आणि 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेचे 44 वे कलम, दार मोडण्याचा अधिकार देते तो नेमका याच क्रमाने: आपला अधिकार व प्रयोजन कळवावे, प्रवेशाची रीतसर मागणी करावी, आणि अन्य मार्ग उरला नाही म्हणजेच दार फोडावे. हुकुमाआधी न उचललेला पाय ही माझ्या मते बुद्धीचीच कृती होय. सामर्थ्य अंगी असून ते रोखून धरणे हे सामर्थ्य नसलेल्याला शिकवता येत नाही.

अभिजितचे मोठेपण मला अमान्य नाही. स्वतःचा भूतकाळ स्मृतीतून पुसला गेलेला हा मनुष्य सर्वांकडेच संशयाने पाहतो, यात मानसशास्त्र आहे. आणि ‘सत्या’त पोलीस अधिकारी व ‘ब्लॅक फ्रायडे’त आरोपी अशा दोन्ही बाजू वठवलेले आदित्य श्रीवास्तव केवळ पापण्या किंचित मिटून तो संशय दाखवतात, ही कला थोर आहे. परंतु अभिजितच्या चतुर प्रश्नांची परिणती कशात होते? कबुलीजबाबात. दयाच्या थपडेची परिणतीही कबुलीजबाबातच. थपडेचे समर्थन मी करणार नाही. कोठडीत हात उचलणे हा गुन्हा आहे, मग तो प्रेक्षकांना कितीही आवडो. पण पोलीस अधिकाऱ्यापुढील कबुली आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही, असे 1872 च्या पुरावा कायद्याचे 25 वे कलम सांगत आले, आणि नव्या साक्ष्य अधिनियमातही ते तत्त्व कायम आहे. तेव्हा न्यायासनापुढे चातुर्याने काढलेली कबुली आणि थपडेने काढलेली कबुली, दोन्ही सारख्याच निकामी ठरतात.

मग शिल्लक काय उरते? जुन्या कायद्याच्या 27 व्या कलमाप्रमाणे, कोठडीतील आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू हस्तगत झाली, तर त्या माहितीचा तेवढा भाग ग्राह्य धरला जातो. म्हणजे रक्ताळलेला सुरा, लपवलेले दागिने, पुरलेला मुद्देमाल. आणि हा मुद्देमाल बहुधा बंद दारामागेच असतो. त्या वेळी दोन पंच हजर ठेवल्याचे मालिकेत सहसा दिसत नाही खरे. पण तो दोष पटकथेचा, त्याचा जाब दयाकडे मागू नये.