घरांतला समुद्र

दौलताबादेस पाणी म्हटलें कीं किल्ल्यांतील हत्ती हौद आठवावा. समुद्र येथून कितीतरी दूर. तरीही गेल्या वर्षीं मोठ्या हौसेनें खाऱ्या पाण्याची कांचपेटी घरीं आणली, आणि तिसऱ्याच आठवड्यांत पाणी ताकासारखें पांढुरकें होऊन दोन मासे दगावले. चूक आमचीच. आजीपासून धाकट्यापर्यंत प्रत्येकानें ‘चिमूटभरच’ खाणें टाकलें होतें. दहा माणसांच्या दहा चिमटी! उरलेलें अन्न कुजून अमोनिया होतो, आणि तो माशांना विषच. दगडांवर व वाळूंत राहणारे उपकारक जंतु त्याचा निरास करतात. पण नव्या पेटींत त्यांचा जम बसण्यास महिना-दीड महिना लागतो.

आतां खाण्याची डबी एकट्या काकूंच्या कुलुपांत असते. दर आठवड्यास पाण्याचा दहावा हिस्सा बदलतों. त्यासाठीं आर. ओ. यंत्राच्या पाण्यांत लिटरमागें सुमारें ३५ ग्रॅम मत्स्यपेटीचें मीठ (स्वयंपाकाचें नव्हे!) आदल्या दिवशीं विरघळवून ठेवावें. उन्हाळ्यांत पाणी उडून जातें, मीठ मागें राहतें. ती तूट मात्र गोड्या शुद्ध पाण्यानेंच भरावी. गढूळलें म्हणून सारें पाणी एकदम उपसूं नये. एवढा फरक माशांना सोसत नाहीं.

आणि मालवणास जाणाऱ्या पाहुण्यांना पेटीच्या शोभेसाठीं जिवंत पोवळें आणावयास सांगूं नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें तें संरक्षित आहे.