भिंतीतील ठोके आणि आईचे पाणी



या सदरात आजवर आपण ठेवी, नामनिर्देशन, मृत्युपत्र अशा विषयांचा विचार केला. आजचा विषय शौचालयातील नळजोडणीचा आहे. तो या पानाला शोभणारा नाही, असे कोणास वाटेल. परंतु मुनींच्या पाच समित्यांत उत्सर्ग समितीची गणना आहे. मलमूत्राचे विसर्जन कोठे आणि कसे करावे, हा विचार आपल्या शास्त्रकारांनी हलका मानलेला नाही. गृहस्थाने तरी तो का टाळावा?

गुहागरला वरच्या पाटात आमचे घर आहे. मागे नारळ-पोफळीची वाडी, त्यापलीकडे समुद्र. विहिरीचे पाणी पंपाने गच्चीवरील टाकीत चढते आणि तेथून घरभर फिरते. आईच्या खोलीला लागून शौचालय आहे आणि त्याच भिंतीपलीकडे सून व तान्ही नात झोपतात. फ्लश केला की टाकी भरताना भोंग्यासारखा आवाज घुमे, आणि शेवटी भिंतीत हातोडा मारावा तसे दोन ठोके पडत. गेल्या पावसाळ्यापासून हे चालले होते आणि दर आठवड्याला मी "बघू" म्हणत होतो.

आई 86 वर्षांची. सूर्यास्तानंतर अन्नपाण्याचा त्याग तिने तरुणपणापासून पाळलेला. एप्रिलमधील एका सकाळी ती न्हाणीघराच्या दाराशी चक्कर येऊन खाली बसली. डॉक्टरांनी तपासून विचारले, "आजी, दिवसभरात पाणी किती पिता?" आई काही बोलली नाही. घरी आल्यावर मला हळूच म्हणाली, "अरे, दुपारनंतर पाणी घेतलं की रात्री दोनदा उठावं लागतं. तो आवाज होतो नि पोर दचकून रडायला लागते. म्हणून जेवणानंतर घेतच नाही." आम्ही सर्वजण ते तिच्या व्रताचाच भाग समजत होतो. व्रताआड संकोच होता, आणि त्या संकोचाचे कारण माझा आळस होता.

दुसऱ्याच दिवशी प्लंबरला बोलावले आणि स्वतः शेजारी स्टूल टाकून बसलो. आवाज तीन प्रकारचे असतात आणि प्रत्येकाचे कारण निराळे असते, हे मला तेव्हा समजले.

पहिला घुमणारा आवाज. टाकीतील बॉल कॉकचे वायसर झिजले किंवा त्यात विहिरीच्या पाण्यातील बारीक गाळ अडकला, की पाणी अरुंद फटीतून थरथरत जाते. अँगल कॉक बंद करून बॉल कॉक सोडवावा, धुवावा व वायसर बदलावे. झीज अधिक असेल तर नवा बॉल कॉक बसवावा.

दुसरा ठोक्यांचा. वाहते पाणी एकाएकी अडले की त्याच्या वेगाचे दाबात रूपांतर होते आणि दाबाची लाट पाइपातून उलटी धावते. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्स्की यांनी 1897-98 मध्ये मॉस्कोच्या जलवाहिन्यांवर प्रयोग करून याचे गणित मांडले. सेकंदाला 1 मीटर वेगाचे पाणी कडक पाइपात क्षणात थांबले, तर दाब वातावरणाच्या सुमारे 14 पटींनी वाढतो. प्लॅस्टिकच्या पाइपात तो बराच कमी असतो. पण पाइप सैल असेल तर तेवढ्यानेही भिंतीवर आपटतो. आमच्याकडे खाऱ्या हवेने दोन क्लॅम्प गंजून सुटले होते. नवे क्लॅम्प रबराची पट्टी घालून बसवले, अँगल कॉक थोडा आवळून वेग कमी केला, आणि ठोके थांबले.

तिसरा आवाज बारीक सुरसुरीचा. तो कोणाला त्रास देत नाही, म्हणूनच अधिक घातक. टाकीच्या तळाचे रबर नीट बसत नसेल तर पाणी भांड्यात सतत झिरपत राहते. टाकीत निळीचे चार थेंब टाकावेत आणि अर्धा तास फ्लश करू नये. भांड्यात निळसर झाक दिसली तर गळती आहे. मग अँगल कॉक बंद करून टाकीतील पातळीवर पेन्सिलीने खूण करावी आणि तासाभराने पाहावे. आमच्या टाकीची लांबी 40 सेंटिमीटर व रुंदी 15. तासात पातळी 1 सेंटिमीटर उतरली, म्हणजे 600 मिलिलिटर पाणी गेले. दिवसाचे 14.4 लिटर, वर्षाचे 5,256 लिटर! आयुष्यभर दुसऱ्यांची खाती तपासली. स्वतःच्या घरातील ही नावे पडणारी रक्कम मला दिसली नाही. आणि हे त्या कोकणात, जेथे धो धो पाऊस पडूनही वैशाखात विहिरी तळ दाखवतात.

आपण पिण्याचे पाणी गाळून घेतो, गाळण्यातील जीव पुन्हा त्याच विहिरीत सोडतो. मग शौचालयात रात्रंदिवस वाहून जाणाऱ्या जलकायिक जीवांचा हिशेब कोणी ठेवायचा? आचार्य समंतभद्रांनी 'रत्नकरंड श्रावकाचारा'त अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले. त्यांतील प्रमादचर्येत निष्कारण पाणी वाया घालवणेही येते. गरजेपोटी होणारी हिंसा गृहस्थाला पूर्णतः टळत नाही. निष्काळजीपणाने होणारी मात्र टळते. माझा "बघू" हा शब्द प्रमादच होता. त्याची झळ पाण्यातील जीवांना बसली, आणि घरातील वृद्धेलाही.

एकूण खर्च साडेआठशे रुपये, वेळ दोन तास. आता आई सूर्यास्तापूर्वी डॉक्टरांनी सांगितले तेवढे पाणी निश्चिंतपणे पिते, आणि रात्री उठली तरी नात झोपलेलीच असते.

वाचकहो, आज रात्री घर निजल्यावर पाच मिनिटे शौचालयाच्या दाराशी शांत उभे राहून ऐका. आणि उद्या सकाळी घरातील वडीलधाऱ्यांना विचारा, आपण पाणी पुरेसे पिता ना? नसतील पीत, तर का, हेही विचारा.