शेगावची केसगळती : नमुने गावाचे, तर निकालही गावाचाच

शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांची नावं डिसेंबर २०२४ पर्यंत तालुक्याबाहेर फारशी कोणाला माहीत नव्हती. जानेवारी २०२५ मध्ये ती दिल्लीच्या चॅनलवर गेली. आधी डोक्याला खाज, मग हात फिरवला की केसांचा पुंजका हातात, आणि तीन-चार दिवसांत टक्कल. सुरुवातीला पन्नासेक रुग्ण होते. पुढे आकडा २७९ वर गेला आणि गावं झाली १८. एप्रिलमध्ये चार गावांत २९ जणांची नखं खराब होऊन गळायला लागल्याचं आरोग्य विभागाने सांगितलं.

आता बहुतेकांचे केस परत आले आहेत. म्हणून विषय संपला, असं तालुक्याच्या ठिकाणी बसून म्हणता येतं. गावात बसून म्हणता येत नाही. कारण गावाने रक्त दिलं, लघवी दिली, केस दिले, विहिरीचं पाणी दिलं, कणगीतले गहू दिले. त्या बदल्यात गावाला काय कळलं, हा हिशेब अजून मांडायचा आहे.

तपास कसा सरकला

पहिला संशय पाण्यावर गेला, आणि तो जाणं साहजिक होतं. हा सगळा पूर्णा खोऱ्यातला खारपाणपट्टा. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा भागात बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. नमुन्यांत नायट्रेट आणि क्षारांचं प्रमाण जास्त निघालं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या वर नको, असं भारतीय मानक सांगतं. पण खारं पाणी इथे पिढ्यान् पिढ्या आहे. मग केस याच वर्षी का गेले?

दुसरा संशय बुरशीवर. त्वचेचे तुकडे तपासणीला गेले. कोणी शाम्पूला दोष दिला, पण कधी शाम्पू न लावलेल्या माणसांचेही केस गेले होते. मग भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद म्हणजे आयसीएमआर आणि एम्सची पथकं आली. त्यांनी घरोघरी विचारपूस केली, नमुने नेले.

त्याच वेळी डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतःहून नमुने गोळा केले. विंचूदंशावरच्या उपचारासाठी जगभर नाव झालेले महाडचे हे डॉक्टर मूळचे आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्याचे. त्यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये जे सांगितलं त्याने तपासाची दिशा बदलली. रुग्णांच्या रक्तात सेलेनियम ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट जास्त निघालं, आणि जस्त कमी. त्यांनी बोट ठेवलं ते रेशनच्या गव्हावर. त्या गव्हात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम निघालं. साधारण प्रमाण १.९ असतं, असं त्यांचं म्हणणं. गहू धुऊनही फार फरक पडला नाही, कारण हे सेलेनियम वरून चिकटलेलं नसतं, दाण्याच्या आत असतं.

सेलेनियम म्हणजे काय, आणि किती चालतं

सेलेनियम हे जमिनीतलं मूलद्रव्य आहे. पीक ते मुळावाटे घेतं, तिथून ते आपल्या ताटात येतं. शरीराला ते लागतं, पण अगदी थोडं. दिवसाला ४० ते ५५ मायक्रोग्रॅम पुरतं. ४०० मायक्रोग्रॅमच्या वर रोज जाऊ नये, अशी अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञांनी घातलेली मर्यादा आहे.

आता साधं गणित करू. मोठं माणूस दिवसाला ३०० ग्रॅम कणकेच्या पोळ्या खातं असं धरलं, तर वरच्या आकड्याने पोटात ४,३०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त जातं. म्हणजे मर्यादेच्या दहा पटींहून जास्त, तेही रोज. परिणाम दिसतो तो मग केस आणि नखांवर. केस आधी जातात, नखं नंतर. आपल्याकडेही जानेवारीत केस आणि एप्रिलमध्ये नखं असाच क्रम लागला.

असं जगात पहिल्यांदा झालेलं नाही. चीनच्या हुबेई प्रांतात एन्शी भागात १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला लोकांचे केस आणि नखं गळाली होती. तिथेही कारण निघालं जमिनीतलं आणि धान्यातलं सेलेनियम. आपल्या देशात पंजाबच्या होशियारपूर आणि नवांशहर भागातल्या काही जमिनींत सेलेनियम जास्त आहे, हे तिथल्या कृषी शास्त्रज्ञांनी कित्येक वर्षांपूर्वी नोंदवलं. तिथे आधी जनावरांची खुरं आणि शिंगं बिघडली होती. आपल्या रेशनचा गहू पंजाब-हरियाणाकडून येतो. एवढ्यावरून सगळं सिद्ध होत नाही, पण धागा कुठे जातो ते दिसतं.

अडलेला प्रश्न : हीच १८ गावं का?

गव्हाच्या कारणाला लोक एक चांगला प्रश्न विचारतात. रेशनचा गहू साऱ्या जिल्ह्यात वाटला जातो, मग केस याच गावांत का गेले? एकाच घरात एकाच कणकेच्या पोळ्या खाणाऱ्यांत एकाचे गेले, दुसऱ्याचे राहिले, असं का?

याचं उत्तर शोधायला नवीन यंत्र लागत नाही. रेशन दुकानात आपण अंगठा लावतो, तेव्हा कोणत्या कार्डावर कोणत्या महिन्यात किती किलो गहू उचलला ते मशीनमध्ये नोंदलं जातं. गोदामातून कोणत्या दुकानाला किती पोती गेली, तेही कागदावर असतं. पोत्यावर खरेदी करणाऱ्या संस्थेचं नाव आणि हंगामाचं वर्ष छापलेलं असतं. या तीन नोंदी रुग्णांच्या यादीशेजारी ठेवायच्या. त्याच गावातली, त्याच विहिरीचं पाणी पिणारी, पण रेशनचा गहू न खाणारी घरं घ्यायची. त्यांच्यात केसगळती नसेल तर पाणी सुटलं आणि गहू सापडला. त्यांच्यातही असेल तर बावस्करांचं म्हणणं पुन्हा तपासावं लागेल. जो निघेल तो निकाल, पण त्याला आधार असेल.

हे कोणाविरुद्ध नाही. रेशन दुकानदार पोतं उघडून सेलेनियम ओळखू शकत नाही. तहसीलदारही नाही. म्हणूनच गोदामातल्या गव्हाची तपासणी हे सरकारचं काम ठरतं. मोफत मिळणाऱ्या माणशी पाच किलो धान्यावर ज्याचा महिना निघतो, त्याला 'दुसरा गहू खा' असं सांगणं ही थट्टा आहे.

केसांबरोबर मनही मोजायला हवं होतं

या काळात चॅनलवाल्यांनी 'टक्कल व्हायरस' असं नाव पाडलं. व्हायरस सापडला नव्हता, पण नाव चिकटलं. पोरं-पोरी कॉलेजला जाईनाशी झाली, जमलेली लग्नं अडली. बाईमाणसाने डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढला. केस दोन-तीन महिन्यांत येतात, अडलेली सोयरीक तशी परत येईलच असं नाही.

पथकांनी त्वचा पाहिली, रक्त पाहिलं. त्या मुलींना कोणी 'झोप लागते का' असं विचारलं का? आपल्या जिल्ह्याला हा विषय नवा नाही. शेतकरी आत्महत्यांच्या १४ जिल्ह्यांत बुलडाणा आहे आणि त्यांच्यासाठी राज्याने २०१५ मध्ये प्रेरणा प्रकल्प सुरू केला.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. गावातल्याच माणसांना शिकवून त्यांनी उदासीनतेचे रुग्ण ओळखले, त्यांच्याशी बोलले, गरज पडली तर डॉक्टरकडे नेलं. आधी उदासीनतेच्या १०० रुग्णांत जेमतेम चार जण कोणाकडे मदतीला जात होते. दीड वर्षात ते प्रमाण २७ वर गेलं. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ वर आलं. हे २०१७ मध्ये छापून आलेले आकडे आहेत. आपल्यासारखीच कपाशी, आपल्यासारखंच कर्ज असलेल्या गावांतले. मग ते शेगावात का होऊ नये?

गडचिरोलीने काय केलं

गावात संशोधन झालं आणि ते गावाच्या कामी आलं, याचं उदाहरण आपल्याच विदर्भात आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीच्या ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये तो अभ्यास 'लॅन्सेट' या नियतकालिकात आला. २०११ पासून तीच पद्धत देशभरच्या आशाताईंकडे आली. आज आपल्या गावात बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी आशाताई वजनकाटा घेऊन येते, ती त्या संशोधनाची वाट चालत येते.

तिथे ज्ञान गावातून निघालं आणि गावातच परत आलं. शेगावातून नमुने निघाले, पण एप्रिलमध्ये नखं गळायला लागली तेव्हाही लोक अहवालाचीच वाट पाहत होते. आयसीएमआरच्या २०१७ च्या नीतिनियमांतच पारदर्शकता आणि संशोधनाचा लाभ समाजाला देणं या गोष्टी लिहिलेल्या आहेत. इंग्रजी अहवाल कुठल्या फायलीत वा संकेतस्थळावर पोचला, म्हणजे तो गावात पोचला असं होत नाही.

मातीचं कार्डही अपुरं

शेतकरी म्हणून एक मुद्दा. २०१५ पासून आपल्याला मृदा आरोग्य पत्रिका मिळते. तिच्यात १२ गोष्टी असतात : नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. सेलेनियम नाही. प्रत्येक शेतात ते तपासावं असं कोणी म्हणत नाही, परवडणारही नाही. पण जिथून देशाच्या रेशनचा गहू उचलला जातो आणि जिथे हे मूलद्रव्य जास्त असल्याचं आधीच माहीत आहे, तिथे खरेदीच्या वेळी ते पाहायला हरकत काय? आपल्या हरभऱ्यात ओलावा दोन टक्के जास्त निघाला तर केंद्रावरून गाडी परत पाठवतात. मोजायची इच्छा असली की मोजता येतं.

ग्रामसभेत मागायच्या चार गोष्टी

एक, आपल्या गावातून नेलेल्या नमुन्यांचा निकाल मराठीत, ग्रामसभेत वाचून दाखवा. रुग्णांची नावं नकोत, आकडे आणि कारण हवं. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे अशी माहिती कोणी न मागताच द्यायची असते.

दोन, रेशनच्या दक्षता समितीची बैठक लावा आणि गोदामातल्या गव्हाचा तपासणी अहवाल तिच्यापुढे ठेवा.

तीन, ज्यांचे केस-नखं गेली त्यांची वर्षभर पुन्हा तपासणी करा. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीने त्याची नोंद ठेवावी.

चार, मनाची विचारपूस त्याच भेटीत करा. तोवर कोणाला बोलावंसं वाटलं तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलतो.

उद्या जिल्ह्यात दुसरी साथ आली आणि पथक पुन्हा दारात उभं राहिलं, तर लोकांनी हात पुढे करावा की दार लावून घ्यावं, हे या चार मागण्यांचं काय होतं त्यावर ठरेल.