झुकणाऱ्या आमरीचा तोल

दुकानाचे उद्घाटन असो, साखरपुडा असो किंवा वास्तुशांत असो, पुष्पगुच्छाऐवजी कुंडीतले ऑर्किड भेट देण्याची रीत आता पुण्या-मुंबईहून नांदेड-लातूरपर्यंत येऊन पोहोचली आहे. तोडलेले फूल दोन दिवसांत कोमेजताना पाहण्यापेक्षा ते झाडावरच महिना-दोन महिने फुललेले पाहावे, हे ज्या घरांना मनापासून पटते, त्या आपल्यासारख्या घरांत ही भेट विशेष आवडीने स्वीकारली जाते. आठ-दहा पांढऱ्या किंवा जांभळ्या फुलांची एक लांब दांडी, तिच्या तळाशी चार-सहा जाड पाने आणि या साऱ्या वैभवाच्या मानाने अगदीच लहान अशी चार इंचांची प्लास्टिकची कुंडी. गल्ल्याच्या टेबलावर किंवा दिवाणखान्यातल्या तिपाईवर ती मोठ्या कौतुकाने ठेवली जाते. मग एके दिवशी पंख्याच्या झोताने, मुलाच्या धक्क्याने किंवा कुणाचा हातही न लागता ती आडवी होते. दांडी मोडते, कळ्या गळतात, फरशीवर सालीचे तुकडे विखुरतात.

यानंतरचा उपाय पुष्कळ घरांत ठरलेला असतो. कुंडी लहान पडते, असे निदान होते. मोठी कुंडी आणली जाते, तिच्यात शेतातली काळी माती व शेणखत भरले जाते आणि रोप त्यात चांगले खोलवर दाबून बसवले जाते. रोप ताठ उभे राहते, हे खरे. परंतु पाहता पाहता पाने पिवळी पडतात, बुंधा मऊ होतो आणि एखाद्या पावसाळ्यात ते जाते. मराठवाड्याची काळी माती कापसाला, तुरीला, सोयाबीनला मानवते. ओली झाली की ती फुगते, पाणी धरून ठेवते, आणि तिच्यातल्या फटी बुजतात. ऑर्किडच्या मुळांना नेमक्या त्या फटीच हव्या असतात. पडण्यापासून वाचवलेले रोप असे गुदमरून मरते, आणि ‘आपल्याकडे हे झाड टिकत नाही’ असा शेरा त्याच्या नावावर कायमचा लागतो. तो शेरा अन्यायाचा आहे.

ऑर्किडला मराठीत आमरी म्हणतात. सह्याद्रीतल्या झाडांवर पावसाळ्याच्या तोंडाशी फुलणारी सीतेची वेणी अनेकांनी पाहिली असेल. हीच फुले आसामात ‘कपौ फूल’ म्हणून राज्यपुष्पाचा मान मिरवतात. नावाप्रमाणेच तिचा फुलोरा वेणीसारखा खाली लोंबतो. ती ताठ उभी राहत नाही आणि तिला कुणी तशी उभी करायलाही जात नाही. किनवट-माहूरचा सागवानी पट्टा ज्या कोरड्या पानझडी जंगलांत मोडतो, तशा जंगलांतली आमरी म्हणजे वांदा. तिचे शास्त्रीय नावही ‘वांदा’च असून ते संस्कृतातल्या ‘वन्दा’ या शब्दावरून घेतलेले आहे. ‘वन्दा’ म्हणजे बांडगूळ. नावाने मात्र तिच्यावर उगाच आळ घेतला आहे. कारण ही वनस्पती झाडाचा रस शोषत नाही, केवळ त्याच्या सालीला मुळांनी घट्ट धरून बसते. बांडगूळ घरधन्याच्या ताटात जेवते. आमरी आपली शिदोरी घेऊन ओसरीवर टेकलेली असते.

भेट म्हणून येणारे ऑर्किड बहुधा फॅलेनॉप्सिस जातीचे असते. कार्ल लुडविग ब्लूम या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२५ मध्ये दिलेल्या या नावाचा अर्थ पतंगासारखे दिसणारे. त्याचे माहेर फिलिपाइन्स, इंडोनेशिया अशा दमट प्रदेशांत. तेथे ते झाडाच्या खोडाला चिकटून वाढते, पाने खाली कललेली असतात आणि त्यामुळे पावसाचे पाणी पानांच्या गाभ्यात साचून न राहता निथळून जाते. मुळांवर पांढरट, स्पंजासारखे आवरण असते. ते झटकन पाणी पिऊन घेते आणि पुन्हा वाऱ्यात वाळते. असे हे लोंबणारे रोप आपण सोयीसाठी कुंडीत सरळ उभे केले. उभे राहण्याची अट आपली, तेव्हा तोल सांभाळण्याची तजवीजही आपणच करायला हवी.

तोलाचा हिशेब व्यापारी घरांना नव्याने शिकवायला नको. समजा, कुंडीच्या तळाचा व्यास ९ सेंटिमीटर आहे, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर ४.५ सेंटिमीटर. फुलांसह दांडीचा भार ८० ग्रॅम धरू आणि तो एका बाजूला झुकून कुंडीच्या मध्यापासून २५ सेंटिमीटर बाहेर लटकतो आहे असे मानू. कुंडी ज्या कडेवर कलंडणार ती कड म्हणजे काट्याचा टेकू. तेथून फुलांचा भार २०.५ सेंटिमीटर दूर. त्याला ८० ने गुणले की १६४० येतात. हे झाले पाडणारे पारडे. सावरणाऱ्या पारड्यात कुंडीचे वजन गुणिले ४.५. पाणी घातल्यावर कुंडी ४५० ग्रॅम भरत असेल, तर २०२५ येतात आणि कुंडी उभी राहते. चार-सहा दिवसांत पाणी उडून जाते, वजन ३०० ग्रॅमवर उतरते आणि सावरणारा आकडा १३५० होतो. पारडे फिरले. कुंडी बहुधा पाणी घालण्याच्या दिवशी सकाळीच का पडलेली आढळते, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. त्या वेळी घरातल्या मुलांना दोष देण्यापूर्वी एवढा हिशेब करून पाहावा.

याच हिशेबातून उपायही निघतात. पहिला उपाय असा की वजन आणि तळाची रुंदी वाढवावी, पण ती मुळांभोवती नव्हे, कुंडीच्या बाहेर. रोप त्याच्या लहान, भोकांच्या प्लास्टिक कुंडीतच राहू द्यावे आणि ती कुंडी चिनी मातीच्या किंवा भाजक्या मातीच्या जड, बसक्या भांड्यात ठेवावी. बाहेरचे भांडे १ किलोचे आणि मध्यापासून ६ सेंटिमीटर पसरलेले असेल, तर वरच्याच उदाहरणात कोरड्या कुंडीसह सावरणारा आकडा ७८०० होतो आणि पाडणारा १५२० वर येतो. आता पंखा कितीही वेगाने फिरवा!

बाहेरच्या भांड्याच्या तळाशी दोन बोटे जाडीचा गोट्यांचा थर द्यावा. आपला काळा पाषाण याला फार उत्तम. तो पाण्याच्या जवळजवळ तिप्पट जड आहे आणि फुकट मिळतो. गोटे धुऊन घालावेत. त्यांच्यावर आतली कुंडी टेकली की निथळलेले पाणी खाली राहते आणि मुळे पाण्यात बुडत नाहीत. तरीही साचलेले पाणी अधूनमधून ओतून टाकावे. शोभेसाठी विकत मिळणारे पांढरे संगमरवरी तुकडे मात्र टाळलेले बरे, कारण त्यांतला चुना पाण्यात हळूहळू उतरतो आणि आपल्याकडचे कूपनलिकेचे पाणी आधीच जड असते. घरातले जुने पितळी घंगाळ किंवा तपेले वापरण्याचा मोह पुष्कळांना होतो. दिसते ते सुंदरच. पण आत प्लास्टिकचे एखादे भांडे ठेवून मगच त्यात कुंडी ठेवावी. पितळेत तांबे असते आणि तांब्याचा अंश मुळांना सोसत नाही.

इलेक्ट्रॉनिक काटे आल्यापासून मोंढ्यातल्या आणि गंजगोलाईतल्या कितीतरी दुकानांत जुनी लोखंडी वजने कोपऱ्यात पडून आहेत. त्यांतले एखादे किलोचे वजन प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून बाहेरच्या भांड्याच्या तळाशी ठेवले, तर याहून चांगला भार विकत आणूनही मिळणार नाही. गुंडाळायचे ते गंज पाण्यात उतरू नये म्हणून.

दुसरा उपाय म्हणजे लटकणारा भार आत ओढणे. दांडीला आधाराची काडी लावली आणि २५ सेंटिमीटरवरचा भार १० वर आला, तर पाडणारा आकडा १६४० वरून थेट ४४० वर येतो. काडी बाजारातली प्लास्टिक चढवलेल्या तारेची असली तरी चालेल, कळकाची कामटीही चालेल. आपल्याकडे तुराट्यांना काय तोटा! सरळ, वाळलेली तुराटी एका बहरापुरती उत्तम काम देते. ती कुजण्यापूर्वी बदलावी, इतकेच. काडी कुंडीच्या कडेजवळ हळूहळू फिरवीत खाली घालावी. मूळ आडवे आले की जोर न करता जागा बदलावी. बांधण्यासाठी सुतळी घेऊ नये, ती दांडीत रुतते. जुन्या सुती साडीची पट्टी घेऊन इंग्रजी आठच्या आकड्यासारखा सैल वेढा द्यावा, एक फास काडीभोवती आणि दुसरा दांडीभोवती. शेवटची गाठ पहिल्या कळीच्या खाली असावी. तिच्यापुढचा भाग मोकळा सोडावा, म्हणजे फुलोरा आपल्या स्वभावाप्रमाणे कमानीसारखा झुकतो. बाजारातून आलेल्या रोपाच्या दांडीला अगदी टोकापर्यंत चिमटे लावलेले असतात आणि फुले कवायतीला उभी केल्यासारखी दिसतात. प्रवासात ते आवश्यकच असते. घरी आल्यावर वरचा एखादा चिमटा काढून पाहावा.

या कामाला वेळेचे बंधन आहे. दांडी कोवळी असते तोवर वळते. कळ्या मोठ्या झाल्यावर तिला सरळ करू गेल्यास काकडीसारखी मोडते. दांडी उजेडाकडे झुकते म्हणून अनेक जण कुंडी रोज थोडी थोडी फिरवतात. तुळशीला ते चालते. येथे मात्र कळ्या उजेडाच्या दिशेने आपले तोंड ठरवीत असतात आणि कुंडी फिरवत राहिल्यास एक फूल पूर्वेला तर दुसरे दक्षिणेला पाहू लागते. कळ्या धरल्यापासून फुले उमलेपर्यंत कुंडीची दिशा बदलू नये.

कुंडी जागची हलत नाही, पण रोपच कुंडीत डुगडुगते, असे असेल तर प्रश्न तोलाचा नसून मुळांचा आहे आणि बाहेर कितीही वजने ठेवली तरी तो सुटणार नाही. फुले उतरल्यावर रोप हलकेच बाहेर काढून पाहावे. घट्ट, पांढरी-हिरवी मुळे जिवंत. तपकिरी, पोकळ, बोटांत दबणारी मुळे मेलेली. मेलेली मुळे स्वच्छ कात्रीने काढावीत आणि उरलेली जेमतेम मावतील एवढ्याच कुंडीत सालीचे तुकडे व लोणारी कोळसा भरून रोप लावावे. नारळाच्या सोडणाचे तुकडेही चालतात, पण त्यांतले मीठ निघून जाण्यासाठी ते काही दिवस पाणी बदलत भिजवून घ्यावेत. पानांचा बुंधा पुरू नये. तो पृष्ठभागाच्या वरच राहावा. असे रोप सुरुवातीला हलणारच. म्हणून कुंडीत एक काडी रोवून बुंधा तिला बांधून टाकावा. नव्या मुळाचे हिरवे टोक फार नाजूक असते. रोप दर वेळी हलले की ते सालीवर घासते आणि वाढ थांबते. नवी मुळे सालीला घट्ट धरेपर्यंत ही गाठ सोडण्याची घाई करू नये.

डेंड्रोबियमची गोष्ट थोडी वेगळी. त्याच्या उसासारख्या कांड्या हात-दीड हात उंच होतात आणि त्यालाही कुंडी लहानच लागते. पाने गळलेल्या जुन्या कांड्या निरुपयोगी समजून भार कमी करण्यासाठी कापल्या जातात. त्या कापू नयेत, कारण रोपाचा पाण्याचा व अन्नाचा साठा त्यांतच असतो. सर्व कांड्या एका मधल्या काडीला सैल बांधाव्यात आणि रोप भोके पाडलेल्या भाजक्या मातीच्या कुंडीत ठेवावे. किंवा सरळ टांगावे, म्हणजे पडण्याचा प्रश्नच मिटला. अंगणात आंब्याचे झाड असेल तर पावसाळ्याच्या आरंभी त्याच्या खरबरीत खोडाला, सावलीच्या बाजूने सुती पट्टीने बांधून पाहावे. मुळे सालीला धरतात आणि पट्टी आपोआप कुजून जाते. जंगलातली आमरी मात्र यासाठी काढून आणू नये. रोपवाटिकेत वाढवलेलीच घ्यावी.

राहिला प्रश्न जागेचा आणि पाण्याचा. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या पुढे जातो, तेव्हा खिडकीतून येणारी झळ आणि कूलरचा सरळ झोत या दोन्हींपासून कुंडी दूर हवी. झोताने ती कलंडते, झळीने कळ्या गळतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आलेली ज्या लातूरने पाहिली, तेथे फुलझाडासाठी किती पाणी लागेल हा प्रश्न कुणीही विचारील आणि तो रास्तच आहे. या रोपाला तांब्याभर पाणी चार-सहा दिवसांनी पुरते, आणि निथळलेले पाणी जास्वंदीला घालता येते. पावसाचे साठवलेले पाणी सर्वांत चांगले. आरओ यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी मात्र कधीही घालू नये; काढून टाकलेले सारे क्षार त्यातच असतात.

फुले गळून गेली की दांडी बुंध्याजवळ कापावी, गाठी सोडाव्यात, तुराटी फेकून द्यावी. बाहेरचे जड भांडे आहे तसेच राहू द्यावे. दिवाळीनंतर रात्री गार होऊ लागल्या की पानांच्या बेचक्यातून एक हिरवा कोंब डोकावतो. त्याचे टोक गोल व चकचकीत असेल तर ते मूळ. किंचित चपटे, हातमोज्यासारखे दुबोटी असेल तर ती नवी दांडी. ती वीतभर झाली की काडी लावायची वेळ आली.