स्टॉपचा भरवसा

मोहल्ल्यातली पोरं हल्ली मोबाइलवर परकीय चलनाचे सौदे करतात. हटकलं की उत्तर तयार असतं, ‘चाचा, स्टॉप-लॉस लावलाय, आणि अकाउंट इस्लामिक आहे.’ इस्लामिक म्हणजे काय, तर सौदा रात्रभर ठेवला तरी व्याज लागत नाही. (काही दलाल त्याऐवजी फी कापतात, ते वेगळंच.) जुगार त्याने हलाल कसा होतो, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

आणि स्टॉप? १५ जानेवारी २०१५ आठवा. स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने २०११ पासून युरो १.२० फ्रँकच्या खाली जाऊ दिला नव्हता. लोक १.२० च्या जरा वर खरेदी करत, स्टॉप जरा खाली लावत. हिशेब बिनतोड. त्या सकाळी बँकेने हात काढून घेतला आणि काही मिनिटांत युरो एका फ्रँकच्याही खाली गेला. मधल्या भावांना घेणाराच नव्हता. स्टॉप म्हणजे विक्रीचा हुकूम, तो गिऱ्हाईक आणून देत नाही. कित्येकांची ठेव बुडाली, वर दलालाचं देणं अंगावर आलं.

म्हणून मी पोरांना शिरलास कुठे, निघणार कुठे हे विचारत नाही. सौदा केवढा, ते विचारतो. परवा एकाने सांगितलं, दहा हजार भरलेत, सौदा दहा लाखांचा. भाव एक टक्का उलटा फिरला की ते दहा हजार गेले.